कॉम्प्युटर बिघडला? तुमचं काही चुकलेलं नाही!

मिक्सरचं भांडं अडकलं तर घरात कुणी आपल्याला जाब विचारत नाही. शिलाई मशीनचा पट्टा तुटला तर ‘जुनाच झाला होता’ म्हणून सगळे गप्प बसतात. पण काल रात्रीपर्यंत सुरळीत चालणारा कॉम्प्युटर सकाळी वायफाय पकडेनासा झाला, की पहिला प्रश्न येतो तो असा : ‘‘काल शेवटी कोण बसलं होतं? तू काय दाबलंस?’’ आणि मैत्रिणींनो, दुःख याचं की आपणही खाली मान घालून आठवू लागतो, खरंच, आपण काय बरं दाबलं?

बहुतेक वेळा तुम्ही काहीच दाबलेलं नसतं. रात्री तुम्ही झोपलेल्या असताना कॉम्प्युटरनं आपणहून ‘अपडेट’ घेतलेलं असतं, आणि सकाळी घोटाळा झालेला असतो. परभणीच्या आपल्या घरांतून आता कुणी शिवणाच्या ऑर्डरी लिहून ठेवते, कुणी बचत गटाचे हिशेब मांडते, कुणी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. 2025 पासून तर अकरावीचे प्रवेशही सबंध राज्यात ऑनलाइन झाले. जिंतूर असो की गंगाखेड, फॉर्म भरायचा तो पडद्यावरच. अशा वेळी शेवटच्या तारखेला वायफाय गेलं, तर तो नुसता मनस्ताप राहत नाही, मुलीच्या वर्षाचा प्रश्न होतो. म्हणून हे दुखणं नेमकं काय आहे, ते आज जरा समजून घेऊ या.

बुधवारची सकाळ

आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी ‘विंडोज’वर चालणारा कॉम्प्युटर आहे. ही विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्यांचा गठ्ठा पाठवते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे गठ्ठा आपल्याकडे यायला लागतो तो बुधवार उजाडता उजाडता! महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटर रुसला, तर कॅलेंडरकडे एकदा नजर टाका. पुष्कळदा उत्तर तिथंच सापडतं.

दुभाषा का अडखळतो?

आता ऑपरेटिंग सिस्टीम सुधारली तर वायफाय का बिघडावं? 1948 पर्यंत आपली परभणी निजामाच्या राज्यात होती आणि कचेरीचा कारभार उर्दूतून चाले. मराठी माणसाला आपलं गाऱ्हाणं मांडायचं तर दोन्ही भाषा जाणणारा कुणीतरी मध्ये लागे. कॉम्प्युटरमध्ये असाच एक दुभाषा असतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. वायफायचं कार्ड, छपाईचं प्रिंटर, आवाजाचा स्पीकर, कॅमेरा, या प्रत्येकाचा दुभाषा वेगळा. अपडेट येतं तेव्हा कचेरीचे नियम बदलतात. दुभाषा जुनाच राहिला, तर त्याला नवे नियम कळत नाहीत. कधी अपडेटच जुन्या, सवयीच्या दुभाष्याला काढून नवा बसवतं आणि त्या नव्याला तुमच्या कार्डाची बोली येत नाही. कार्ड धडधाकट, कॉम्प्युटर धडधाकट, पण बोलणं तुटलेलं! जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण काही वर्षांनी बनवणारी कंपनीच त्याच्यासाठी नवे ड्रायव्हर लिहायचं थांबवते.

तुम्ही एकट्या नाही, बरं का!

हे आपल्याच घरी होतं असं समजू नका. 2 ऑक्टोबर 2018 ला विंडोज 10 चं एक मोठं अपडेट निघालं. काही लोकांच्या फाइली आणि फोटोच त्यात नाहीसे झाले आणि चारच दिवसांत कंपनीला ते थांबवावं लागलं. मार्च 2021 च्या अपडेटनंतर काही ठिकाणी प्रिंटरला कागद छापायला सांगितला की कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंदच पडे. डिसेंबर 2023 मध्ये विंडोज 11 च्या अपडेटनं काही कॉम्प्युटरांचं वायफाय तोडलं. त्याचा त्रास कॉलेजं आणि कचेऱ्यांच्या वायफायवर अधिक झाला. आणि ऑक्टोबर 2025 ची तऱ्हा तर पाहा. बिघडलेला कॉम्प्युटर सुधारण्यासाठी विंडोज 11 मध्ये जी वेगळी खोली ठेवलेली असते, तिथंच यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालेनात! दवाखान्याच्या दारालाच कुलूप. कंपनीला आठवड्याभरात तातडीची दुरुस्ती पाठवावी लागली.

इतक्या मोठ्या कंपनीच्या हातून हे होतं, तेव्हा परभणीतल्या स्वयंपाकघरालगतच्या टेबलापाशी बसलेल्या बाईनं अपराधी का वाटून घ्यावं?

मग अपडेट बंदच करून टाकायचं का?

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट आहे तर हे अपडेट नकोच. तसं मात्र करू नका. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. लोकांच्या फाइलींना कुलूप लावून तो खंडणी मागे. इंग्लंडमधल्या रुग्णालयांचं कामकाजसुद्धा त्यानं विस्कटलं. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती लावून घेतली होती, त्यांच्या दाराची कडी लागलेली होती.

तेव्हा अपडेट घ्यायचं, पण आपल्या सोयीनं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण आधी घर आवरतो, तसंच. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’ या पानावर ‘पॉज’ असं लिहिलेलं असतं. त्यानं अपडेट एका आठवड्यापासून पाच आठवड्यांपर्यंत पुढं ढकलता येतं. प्रवेशाचे दिवस, परीक्षा, गटाचा वार्षिक हिशेब अशा दिवसांत ते खुशाल पुढं ढकला. कंपनीची चूक असेल, तर तेवढ्या दिवसांत ती दुरुस्तही होऊन जाते. त्याच पानावर ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ म्हणजे आपल्या कामाच्या वेळा लिहून ठेवता येतात. त्या वेळात कॉम्प्युटर आपणहून बंद-चालू होत नाही.

अपडेट घेण्यापूर्वी तीन गोष्टी करा. लग्नाचे फोटो, दाखले, हिशेब यांची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. लॅपटॉपला चार्जर लावा आणि बॅटरीही भरलेली असू द्या. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि अपडेट अर्ध्यात तुटलं तर दुखणं वाढतं. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल, तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय मोठं अपडेट सुरू करू नका. आणि तिसरं म्हणजे लॅपटॉपच्या पाठीवर लिहिलेलं मॉडेल हिशेबाच्या वहीत टिपून ठेवा. पुढं त्याचं काम पडेल.

वायफाय गेलंच, तर...

घाबरू नका. पुढची पथ्यं याच क्रमानं करून पाहा.

1. आधी मोबाइल पाहा. त्याच राउटरवर मोबाइलचं वायफाय चालत असेल, तर दोष कॉम्प्युटरमध्ये. मोबाइलवरही चालत नसेल, तर दोष राउटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनचा. मग कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच नाही.

2. कॉम्प्युटर ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. तुम्हाला दोन्ही सारखंच वाटेल, पण तसं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा काही भाग आहे तसा साठवून ठेवते आणि जुना गोंधळही जपून ठेवते. रीस्टार्टनं सगळं नव्यानं मांडलं जातं. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

3. ‘एअरप्लेन मोड’ चुकून चालू झाला आहे का, ते पाहा. विमानाचं चित्र असलेली एखादी कळ कीबोर्डवर असते.

4. काम तातडीचं असेल, तर मोबाइल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करा. मोबाइलचं इंटरनेट वायरीतून लॅपटॉपला मिळतं, वायफाय लागतच नाही. वायर मात्र नुसती चार्जिंगची नको, फोटो उतरवता येतात तशी हवी. हा उपाय तेवढा लक्षात ठेवाच. फॉर्मची शेवटची तारीख यानं सांभाळता येते.

5. फॉर्म भरून झाला की निवांतपणे दुभाष्याकडे वळा. खाली विंडोजच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबली की यादीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ दिसेल. त्यात ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’ उघडा. ज्या नावात वायरलेस किंवा वायफाय आहे, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ हे पान असतं. तिथं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबलं की जुना दुभाषा कामावर परत येतो. ती कळ पुसट असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा. मग वहीतलं मॉडेल पाहून लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर फुकट’ अशा भलत्या जाहिरातींच्या नादी लागू नका.

6. वायफाय लागतं पण पुनःपुन्हा तुटतं, असं असेल तर त्याच ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’चं पान आहे का ते पाहा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी, अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढून टाका.

7. एवढं करूनही जमलं नाही, तर ‘अपडेट हिस्टरी’मध्ये जाऊन ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’नं नुकतंच आलेलं अपडेट काढता येतं. वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट असेल, तर ‘रिकव्हरी’मधून साधारणपणे 10 दिवसांच्या आत मागं फिरता येतं. त्यानंतर जुनं सामान पुसलं जातं. म्हणून ‘पाहू पुढच्या महिन्यात’ म्हणत बसू नका.

दोष उन्हाचा की अपडेटचा?

प्रत्येक दुखणं अपडेटच्या माथी मारणंही बरं नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि धूळही भरपूर. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की त्याचा श्वास कोंडतो. सकाळी नीट चालतो आणि दुपारी अडतो, तर संशय उन्हाचा घ्या. दिवसाच्या सगळ्या वेळी अडतो आणि ‘अपडेट हिस्टरी’तल्या तारखेपासूनच अडू लागला, तर संशय अपडेटचा. लॅपटॉप लाकडी पाटावर किंवा सपाट टेबलावर ठेवा, त्याच्या जाळ्या मोकळ्या राहू द्या. राउटरही कपाटात, भांड्यांच्या मागं दडवू नका.

जुना लॅपटॉप टाकून द्यायचा?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनं थांबवला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची मुदतवाढ कंपनीनं जाहीर केली. विंडोज 11 ला किमान 4 जीबी मेमरी, 64 जीबी जागा आणि ‘टीपीएम 2.0’ नावाची सुरक्षेची सोय लागते. नव्या जातीचा प्रोसेसरही लागतो. म्हणून चांगले चालते लॅपटॉप एकाएकी ‘म्हातारे’ ठरले. कुणी आडमार्गानं त्यावर विंडोज 11 बसवून देतो म्हणाला, तर जपून. वायफायच्या दुखण्याला तिथंच आमंत्रण मिळतं.

पण दुसरा रस्ता आहे. ‘उबुंटू’, ‘लिनक्स मिंट’ अशा फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या लॅपटॉपवरही बऱ्या चालतात. त्यांतली सोय अशी, की आतलं काही न पुसता पेनड्राइव्हवरून त्या चालवून पाहता येतात. वायफाय लागतं का, प्रिंटर चालतो का, हे आधी पाहा आणि मगच ठरवा. साडी आपण अंगावर लावून बघतोच की! तुमचं एखादं काम फक्त विंडोजवरच होत असेल, तर तेही आधी तपासा.

दुकानात गेल्यावर

शेवटी दुकान गाठावं लागलं, तर ‘बिघडलाय, बघा जरा’ एवढंच सांगू नका. ‘अमुक तारखेला अपडेट आलं, तेव्हापासून वायफाय दिसत नाही, मोबाइलवर चालतं,’ असं सांगा. बोलणाराही मग जपून बोलतो. ‘फॉर्मॅट मारावा लागेल’ असं ऐकलं, तर आधी विचारा, ‘‘ड्रायव्हर बदलून पाहिलात का? माझ्या फाइलींची प्रत काढली का?’’ कार्ड बदललं, तर जुनं कार्ड परत मागा. यूएसबीला लावायचं छोटं वायफाय अ‍ॅडाप्टर मिळतं, ते बहुधा नव्या लॅपटॉपच्या मानानं फार स्वस्त पडतं, हेही ठाऊक असू द्या.

2001 पासून आपल्याकडच्या कितीतरी मुली आणि सुना एमएस-सीआयटीच्या वर्गांना जाऊन कॉम्प्युटर शिकल्या. तो कसा चालवायचा हे शिकलो, पण आजारी पडला तर काय करायचं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. आपल्या गावाची जुनी म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. जमलं तर जमलं, नाही तर आपली परभणी आहेच! ती सांगताना आपण थोडं हसतो आणि थोडा अभिमानही बाळगतो. कॉम्प्युटरपुढं बसताना मन तेवढंच मोकळं असू द्या. वहीच्या शेवटच्या पानावर लॅपटॉपचं मॉडेल, शेवटच्या अपडेटची तारीख आणि वरची सात पथ्यं लिहून ठेवा. आणि पुन्हा कुणी विचारलंच, ‘‘तू काय दाबलंस?’’ तर ती वही त्यांच्याच हातात द्या.