भिंती आपल्या, भुई कोणाची?

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु घर बांधून झाले, त्यात दोन-तीन पिढ्या नांदल्या आणि तरीही ज्या भुईवर ते उभे आहे ती आपली नाही, असे असेल तर? माझे गाव गोव्यातील डिचोली तालुक्यातील मये. तेथे हा प्रश्न घरोघरी होता. म्हणूनच माझ्या खोलीतील मित्राने एका रात्री विचारले, “आमच्या काकांचा नव्या मुंबईतला फ्लॅट ६० वर्षांच्या लीजवर आहे म्हणे. मुदत संपली की काय होतं रे?” तेव्हा मला प्रथम आमचेच घर आठवले. मी कायद्याचा विद्यार्थी नव्हे. पण गावाच्या अनुभवामुळे या विषयात थोडे वाचन घडले. ते येथे मांडतो.

लीज म्हणजे भाडेपट्टा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेपट्ट्याने मालकी मिळत नाही; स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क मिळतो, तोही मोबदला देऊन आणि बहुधा ठराविक मुदतीपुरता. नव्या मुंबईत सिडकोने भूखंड विकले नाहीत, मुळात ६० वर्षांच्या पट्ट्याने दिले. त्यावर इमारत उभी राहिली व फ्लॅट विकले गेले. काकांनी पैसे मोजले ते फ्लॅटचे; खालची जमीन मात्र पट्ट्याचीच राहिली.

आता मुदतीचे महत्त्व पाहू. पट्टा हा बर्फाच्या लादीसारखा असतो. हात न लावता तो दरवर्षी कमी होतो. ६० पैकी ५० वर्षे उरली असता फ्लॅटला गिऱ्हाईक सहज मिळते. १० उरली असता गिऱ्हाईक विचारात पडते आणि २० वर्षांचे कर्ज देण्यास बँक कचरते. मुदत संपल्यावरही रहिवासी तेथेच राहिला व मालकाने भाडे स्वीकारले, तर राहत्या घराचा पट्टा, वेगळा करार नसल्यास, महिन्या-महिन्याचा समजला जातो. तो १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. ६० वर्षांची निश्चिंती १५ दिवसांवर येते!

यावर उपाय म्हणजे मुदतीपूर्वी नूतनीकरण. ते आपोआप होत नाही. मूळ पट्ट्यात तसे कलम आहे का, अर्ज केव्हा करायचा, अधिमूल्य किती, कोणती अट मोडली तर हक्क जातो, हे वाचले पाहिजे. दस्त हाताशी नसेल तर उपनिबंधकाच्या कचेरीतून त्याची नक्कल मिळते. दुसरे असे की, जमिनीचा पट्टा बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या नावे असतो. तेव्हा एकट्या सभासदाने धावपळ करून भागत नाही, संस्थेने ठराव करून अर्ज करावा लागतो. नूतनीकरणाच्या दस्तालाही मुद्रांक शुल्क व नोंदणी लागते. शिवाय अशा पट्ट्यांची मुदत वाढवण्याचे निर्णय वेळोवेळी होत असतात. म्हणून काकांनी चालू नियम आधी पाहावेत, असे मी मित्राला सांगितले.

इंग्लंडात बहुसंख्य फ्लॅट पट्ट्यावरच असतात. तेथे १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला योग्य किंमत देऊन आणखी ९० वर्षे मागण्याचा हक्क दिला. २०२४ च्या कायद्यात ही वाढ ९९० वर्षांची करण्याची तरतूद आहे. म्हणजे मुदतवाढ ही मालकाची मर्जी न राहता रहिवाशाचा हक्क बनली.

आता मयेकडे वळू. आमच्या माणसांपाशी वाढवायला पट्टाही नव्हता. गावातील बरीचशी जमीन पोर्तुगीज राजवटीत ‘कोंद द मये’ ही पदवी मिळालेल्या घराण्याची. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक पोर्तुगालला गेले आणि १९६४ च्या कायद्याखाली ही मालमत्ता स्थलांतरितांची म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली. १९७५ च्या मुंडकार कायद्याने गोव्यातील मुंडकाराला राहते घर व सभोवारची थोडी जमीन भाटकाराकडून विकत घेण्याचा हक्क दिला. मयेत भाटकारच देशाबाहेर! वहिवाट आमची, घरपट्टी आमची, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे.

मी प्राथमिक शाळेत असताना घराचे छप्पर बदलण्यासाठी बाबा एका बँकेत कर्ज मागायला गेले. साहेबांनी कागद चाळून विचारले, “घर दिसतंय, पण जमीन तुमची कुठाय?” बाबा परत आले. त्या पावसाळ्यात आम्ही घरात बादल्या मांडून झोपलो.

गावाने वर्षानुवर्षे आंदोलने केली. अखेर २०१४ मध्ये गोवा विधानसभेने जमिनींवरील जुनी मालकी, पदव्या व अनुदाने रद्द करणारा कायदा केला. जमीन सरकारकडे आली आणि प्रत्यक्ष वहिवाटदारांना सनद मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे सनदांचे वाटपही सुरू झाले. आमचा अर्ज भरताना सर्वांत उपयोगी पडल्या त्या आजोबांनी पत्र्याच्या पेटीत जपलेल्या घरपट्टीच्या पावत्या. आजोबा सनद पाहायला राहिले नाहीत. पावत्या मात्र राहिल्या.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या नोकरीनिमित्त शहरात जातील, फ्लॅट घेतील. खोल्या किती, गॅलरी कुठे, हे आपण बघूच. त्याआधी तीन प्रश्न विचारा : जमीन कोणाची? पट्टा असल्यास वर्षे किती उरली? मुदत वाढवण्याचा हक्क कागदावर आहे काय? आणि सुट्टीत घरी गेलात की वडिलांना म्हणा, “बाबा, घराचे कागद एकदा मला दाखवा.” मये गावाला ही उत्तरे मिळवायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.