सोळा घरं आणि एक बोंड

जालन्यातल्या बी.एस्सी.च्या पेपरात असा प्रश्न आला तर? संकरित कपाशीच्या झाडात दोन बीटी जनुकं, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष तयार करणारी जनुकं, आहेत. दोन्ही एकाच पालकाकडून आलेली, वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची. झाडानं स्वतःच्याच परागावर बोंड धरलं, तर अशा बोंडांतल्या किती सरकीत एकही बीटी जनुक नसेल?

बहुतेक मुलं लगेच पट्टी काढून चौकट आखतील. वर चार गॅमिट, म्हणजे जननपेशी, अक्षरांत मांडलेली, बाजूला चार, मध्ये सोळा घरं. भरली, मोजली, ९:३:३:१. उत्तर सोळात एक. बरोबर आहे, पूर्ण गुण.

पण हात चालला म्हणजे डोकं चाललंच असं नाही. जिम स्टुअर्ट या अमेरिकी अभ्यासकानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांची अशीच गणितं बारकाईनं पाहिली. उत्तर अचूक आणणाऱ्या अनेकांना त्या अक्षरांचा पेशीच्या अर्धसूत्री विभाजनाशी काय संबंध, हे सांगता येईना. अन् गाडी अडते तीही तिथंच. गॅमिटमध्ये प्रत्येक जोडीतलं एकच जनुक जातं, हे डोळ्यांसमोर नसेल तर एकाच जोडीतली दोन्ही अक्षरं लिहिली जातात आणि पुढची सोळाही घरं चुकतात.

मुरलेला माणूस चौकट आखतच नाही. पहिलं जनुक नसण्याची शक्यता १/४, दुसरं नसण्याची १/४, गुणाकार १/१६. संपलं! जनुकं चार झाली की चौकटीला २५६ घरं लागतात, सहा झाली की ४०९६. गुणाकार मात्र एका ओळीतच राहतो.

आता गंमत पाहा. त्याच बोंडाच्या हिरव्या सालीत बीटी असेल का? इथं चौकट मुकी होते. साल झाडाची स्वतःची, म्हणून तिच्यात दोन्ही जनुकं असणारच. आतल्या सरकीतला गर मात्र त्या झाडाचा नव्हेच, ती पुढची पिढी! झाडावर लटकलेल्या एकाच बोंडात दोन पिढ्या नांदतात, आणि मेंडेलचं गणित फक्त आतल्या पिढीला लागू होतं.

जालन्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको ही बियाणे कंपनी काढली आणि २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी वाणांचं बियाणं याच कंपनीचं होतं. संकरित बियाणं तयार करणाऱ्या सीड प्लॉटवर संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी नराचे पराग लावायचे. एकेक फूल हातानं, हे क्रॉसिंगचं काम प्रामुख्यानं बायाच करतात.

आणि गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी सरळ वाणांची, तिथं प्रत्येक सरकीत विष. आपल्याकडं संकरित, म्हणून एकाच बोंडात कुठं विष आहे, कुठं कमी, कुठं नाहीच. अशा मिसळीत अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढते, हा मुद्दा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती यांनी मांडला आहे. २०१७ च्या हंगामात या अळीनं महाराष्ट्रातल्या कापसाचं केवढं नुकसान केलं, ते मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

पेपर काढणाऱ्यांनी सोळा घरांना दोन गुण ठेवावेत, सालीच्या प्रश्नाला तीन.