सुक्या मिरचीची घाऊक खरेदी : जवळचा माल, डोळ्यांदेखतचा व्यवहार

धान्याच्या घाऊक व्यापारात आमची हयात गेली. गव्हाच्या पोत्यात परखी खुपसली, तळहातावर चार दाणे घेतले, की पोत्यातील माल कळतो. सुकी मिरची ठेवू लागलो तेव्हा मात्र ही विद्या कामास आली नाही. मिरचीच्या पोत्यात परखी चालत नाही. ते पोते ओतल्याशिवाय आपले पोट उघड करीत नाही. हा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. तो आपल्या सभासद बंधूंस फुकट मिळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी एका दूरच्या व्यापाऱ्याचा केवळ नमुना पाहून आम्ही चाळीस पोती मागविली. नमुना लालभडक व खणखणीत होता. आषाढात पोती उघडली तेव्हा वरचा थर नमुन्याबरहुकूम होता. मधला थर ओलसर, ठिकठिकाणी पांढरा पडलेला, आणि त्यात बारीक तपकिरी किडे फिरत होते. कोणी सुचविले, "दळून टाका, भुकटीत काय दिसते?" दुसरे म्हणाले, "औषधाची धुरी द्या." पहिला मार्ग ग्राहकाच्या विश्वासाचा घात करणारा, दुसरा जीवहिंसेचा. आम्ही दोन्ही सोडून तोटा पत्करला. दोष एकट्या विकणाऱ्याचा नव्हता. न पाहता माल उचलणारे आम्हीही तितकेच चुकलो होतो.

आपल्या घरांत सुक्या मिरचीला विशेष स्थान आहे. पर्वतिथीस हिरवे वर्ज्य असते, तेव्हा आमटीला तिखटपणा सुक्या मिरचीचाच. म्हणून मिरची जंतुरहित असणे हा आपल्याकडे धर्माचाही प्रश्न ठरतो. कीड लागल्यावर उपाय शोधण्यापेक्षा ती लागूच नये अशी खरेदी व साठवण करणे, हीच खरी जयणा होय.

आता माल कोठे पाहावा? जसोंडी व बऱ्हाणपुराच्या परिसरात केळी व कापूस यांचा बोलबाला असला, तरी मिरचीच्या दोन मोठ्या पेठा आपल्या आवाक्यात आहेत. पहिली निमाडची. आसीरगड व खंडवा ओलांडून सनावदच्या बाजूस गेले, की खरगोन जिल्ह्यातील बेडिया येथे सुक्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. थंडीच्या दिवसांत तेथे मिरचीचे ढीगच्या ढीग उघड्यावर पाहावयास मिळतात. माल उघडा, त्यामुळे पारख सोपी.

दुसरी पेठ खानदेशातील नंदुरबार. आपल्याच तापीच्या खोऱ्यातील हे गाव भुसावळ–सुरत लोहमार्गावर आहे. तेथील रीत निराळी. शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतो, लिलाव होतो, आणि व्यापारी ती विस्तीर्ण मैदानांवर वाळवितात. या वाळवणाच्या जागेस तेथे पथारी म्हणतात. अवकाळी पाऊस आला, तर पथारीवरील माल भिजतो, काळवंडतो. सबब नंदुरबारचा माल घेताना त्या हंगामात पाऊस केव्हा पडला, हे आधी विचारावे.

ओल्या व सुक्या भावाची तुलना करताना पाण्याचा हिशेब चुकतो. समजा, १०० किलो ओल्या मिरचीत ७५ टक्के पाणी आहे. वाळून १० टक्के ओल राहिली म्हणजे हाती सुमारे २८ किलो माल येतो. ओला भाव किलोस ३० रुपये धरला, तर सुक्याची मूळ किंमत १०८ रुपये पडते. मजुरी, तूट व भाडे वेगळे. हीच मिरची झाडावरच सुकत येऊन तीत ६० टक्के पाणी उरले असेल, तर ४४ किलो माल मिळून किंमत ६७ रुपयांवर येते. भाव एकच, पण पाण्याच्या फरकाने किलोमागे चाळीस रुपयांचे अंतर पडले! सुक्या मालातही हेच. १४ टक्के ओलीचा क्विंटल आपल्या गोदामात १० टक्क्यांवर येईतो सव्वाचार किलोंहून अधिक घटतो. ही घट आपण मिरचीच्या भावाने विकत घेतलेली असते.

अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अखंड सुक्या मिरचीत ओल ११ टक्क्यांहून अधिक नसावी, तुटकी फळे व सुटे बी ५ टक्क्यांच्या आत असावे. वरून रंग देणे वा खनिज तेलाचा लेप देणे वर्ज्य आहे. २००३ साली मिरचीत सुदान नावाचा कृत्रिम रंग आढळल्यामुळे युरोपीय संघाने आयात मिरचीची तपासणी सक्तीची केली. काहींच्या लोभाचा बट्टा सगळ्या व्यापाराला लागतो, तो असा.

प्रत्यक्ष पारख करताना आम्ही पुढील रीत पाळतो. दहा पोत्यांमागे एक पोते पूर्ण ओतून घ्यावे. तेही आपण निवडावे, हमालाने पुढे केलेले घेऊ नये. मिरची कानाशी हलविली तर बी वाजले पाहिजे. हाताला तेलकटपणा लागू नये. देठापाशी फोडून आत बुरशी पाहावी, कारण ओलसर मालावरील बुरशीचे विष दळल्याने वा तळल्याने जात नाही. पांढरी पडलेली, म्हणजे फटकी, मिरची वेगळी काढून तिचे प्रमाण तोलावे. रंगावरून तिखटपणा मात्र ठरवू नये. कर्नाटकातील ब्याडगी गडद लाल असूनही सौम्य असते. तिखटपणा बियांत असतो हा समजही अपुरा आहे. तो मुख्यत्वे बी ज्यास चिकटलेले असते त्या आतील पांढऱ्या गाभ्यात असतो.

साठवणीचे सूत्र एकच : कोरडा माल, कोरडी जागा. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत. जुने बारदान वापरू नये. पावसाळ्यापलीकडे ठेवावयाचा माल शीतगृहात द्यावा. आंध्रातील गुंटूर येथे हीच पद्धत रूढ आहे. तंबाखूच्या साठ्यास लागणारा तपकिरी भुंगा मिरचीलाही लागतो. थंडीत त्याची वाढ होत नाही आणि मिरचीचा रंगही टिकतो. भाड्याचा खर्च येतो खरा, परंतु धुरीचे पाप व मालाचा नाश दोन्ही टळतात.

जवळच्या पेठेवर भिस्त ठेवा म्हणताना एकाच पेठेवर ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. २०२१ साली आंध्र व तेलंगणात काळ्या फुलकिड्यांनी मिरचीचे मोठे नुकसान केले. चुरडा-मुरड्याचा रोग आपल्याकडील शेतासही चुकलेला नाही. म्हणून निमाड व खानदेश या दोन्हीकडे ओळख राखावी, आणि शेतकऱ्याचे पैसे तोलाच्या पावतीबरोबरच चुकवावेत. वेळेवर पैसे देणाऱ्यास चांगला ढीग आधी दाखविला जातो, हा आमचा अनुभव आहे.

एक सूचना करून लेखणी ठेवतो. लहान दुकानदारास बेडियापर्यंतची खेप परवडत नाही. आपल्या मंडळातील चार-पाच सभासदांनी मिळून माघ महिन्यात एक गाडी भरावी, जाणत्या एका-दोघांनी समक्ष पोती ओतून माल निवडावा, आणि तो वाटून घ्यावा. चाळीस पोत्यांच्या त्या आषाढात असा एखादा सोबती आमच्याबरोबर असता, तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.