परत न घेण्यासाठी पुरलेले

जुन्या दफनभूमीत सापडणारा धातू दोन वाटांनी तिथे आलेला असतो. काही वस्तू जिवंत माणसांच्या हातून किंवा खिशातून पडलेल्या असतात: एखादे नाणे, बटण, तुटके बक्कल. बाकीच्या मृताच्या अंगावर किंवा उशाशी मुद्दाम ठेवलेल्या असतात. मेटल डिटेक्टरला हा फरक कळत नाही. त्याच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते, धातूत बारीक विद्युत्प्रवाह उठतात आणि त्यांचा पडसाद आवाज होऊन कानाशी येतो. नाण्याएवढ्या वस्तूपर्यंतची पोच साधारण वीतभर. काशाचे मोठे भांडे असेल तर पुष्कळच जास्त.

इंग्लंडमधल्या पाचव्या ते सातव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन दफनभूमींवर आज बहुधा कसलीही खूण उरलेली नाही. वर गव्हाची शेते आहेत. शेतकऱ्याची परवानगी घेऊन डिटेक्टर फिरवणारा छंदिष्ट तिथे शिरतो तेव्हा आपण स्मशानात उभे आहोत हे त्याला ठाऊकही नसते. ठाऊक होते ते पहिली वस्तू हाती आल्यावर, आणि नीतीचा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो.

त्या आधीही एक निवड होऊन गेलेली असते आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. बहुतेक यंत्रांत लोखंड गाळण्याची सोय असते. शेतात खिळे, नालांचे तुकडे, अवजारांच्या मोडक्या पाती इतक्या असतात की सतत वाजणाऱ्या यंत्राने कान किटतात. म्हणून लोखंड गाळून फक्त काशाचा, चांदीचा, सोन्याचा आवाज ऐकला जातो. अँग्लो-सॅक्सन थडग्यात मात्र पुष्कळदा लोखंडच जास्त असते. कमरेशी सुरी, डोक्याजवळ भाल्याचे पाते, छातीवर किंवा गुडघ्यांवर ढालीच्या मध्याचा लोखंडी उंचवटा. ढालीची लाकडी फळी केव्हाच कुजलेली असते, ती कशी ठेवली होती हे त्या उंचवट्यावरून कळते. गंजाचेही मोल आहे. लोखंड गंजताना त्याला टेकलेल्या कापडाचे, कातड्याचे, लाकडाचे तंतू गंजाच्या क्षारांनी भरून जातात आणि विणीचा नमुना दीड हजार वर्षे टिकतो. घरी नेऊन ब्रशने घासलेले बक्कल चकचकीत दिसते. त्यावरचे कापड त्या घासण्यात कायमचे गेलेले असते.

सटन हू हे लोखंडाच्या या मोलाचे सर्वांत मोठे उदाहरण. सफोक परगण्यातल्या या टेकाडाखाली १९३९ साली उत्खननकार बेसिल ब्राउन यांना सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज सापडले. आम्ल रेतीत त्याचे लाकूड पार विरघळले होते. उरल्या होत्या लोखंडी रिव्हेटांच्या ओळी आणि वाळूवर उमटलेला फळ्यांचा ठसा. ब्राउन यांनी रिव्हेट जागच्या जागी ठेवून माती काढत नेली, म्हणून जहाजाचा आकार उभा राहिला. त्या मातीत मृतदेहही उरला नव्हता. ज्याला लोखंड हा कचरा वाटतो त्याच्या हाती त्या टेकाडातून सोने आले असते, जहाज आले नसते.

 सटन हूमधून निघणारा कायद्याचा मुद्दा थडग्यांच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. इंग्लंडच्या जुन्या निखात निधी कायद्यानुसार सोने-चांदी राजसत्तेची ठरण्यासाठी एक अट होती: पुरणाऱ्याने ती परत काढण्याच्या हेतूने लपवलेली असली पाहिजे. थडग्यातले दागिने या अटीत बसत नाहीत. मृताबरोबर ठेवलेली वस्तू परत घ्यायची नसते, हाच तर त्या ठेवण्याचा अर्थ. १४ ऑगस्ट १९३९ रोजी सटन गावात चौकशी झाली आणि ज्युरीने हाच निर्णय दिला. सगळा ठेवा जमीनमालकीण एडिथ प्रिटी यांचा ठरला. त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, म्हणून तो आज लोकांना पाहता येतो. कायद्याने पुरणाऱ्याचा हेतू अचूक ओळखला आणि त्यातून निष्कर्ष काढला तो असा की ही वस्तू आता राजसत्तेच्या हक्काबाहेर आहे. प्रिटी बाईंचे औदार्य हा त्या निकालाचा भाग नव्हता. दुसऱ्या कोणी ते सोने वितळवले असते तरी निखात निधीचा कायदा आड आला नसता.

याच अटीमुळे पुढे मोठे नुकसान झाले. सरे परगण्यातल्या वानबरो येथे रोमनकालीन मंदिराची जागा होती. १९८३ ते १९८५ या काळात डिटेक्टरवाल्यांनी तिथून हजारो नाणी खणून नेली. खटला उभा राहिला तेव्हा प्रश्न आला की ही नाणी परत घेण्यासाठी पुरली होती, की देवाला वाहिली होती? वाहिलेली असतील तर ती निखात निधी नव्हेत. या शंकेवर १९९० साली अपिलात शिक्षा रद्द झाली. सरेच्या पुरातत्त्व मंडळाने त्यानंतर कायदा बदलण्याचा ध्यास घेतला आणि त्यातून १९९६ चा ट्रेझर अॅक्ट आला. आता हेतू पाहिला जात नाही. वस्तू ३०० वर्षांहून जुनी आणि तिच्यात किमान १० टक्के सोने किंवा चांदी असली, की तिच्याबरोबर सापडलेल्या इतर वस्तूंसह १४ दिवसांत कळवावी लागते. एकट्या काशाच्या ब्रोचला किंवा लोखंडी भाल्याला हे संरक्षण बहुधा मिळत नाही. २०२३ मध्ये २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूंची भर पडली, पण साध्या माणसाच्या थडग्यातली साधी सुरी असाधारण कधी ठरणार? ती अजूनही सापडणाऱ्याच्या विवेकावर सोडलेली आहे.

हा विवेक प्रत्यक्षात कसा दिसतो, ते नॉरफोकमधल्या विनफार्दिंग येथे दिसले. डिसेंबर २०१४ मध्ये एक विद्यार्थी शेतात डिटेक्टर फिरवत असताना खोलवरून मोठा आवाज आला. खणल्यावर काशाच्या भांड्याचा काठ दिसला. त्याने खड्डा बुजवला आणि परगण्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवले. पुढे रीतसर उत्खनन झाले तेव्हा ते सातव्या शतकातल्या एका स्त्रीचे थडगे निघाले. तिच्या गळ्यातले गार्नेट जडवलेले सोन्याचे मोठे पदक पुढे सुमारे १ लाख ४५ हजार पौंडांचे ठरले. तिथेच फ्रँक राजा तिसरा सिगिबर्ट याच्या नाण्यांची पदकेही होती आणि त्यांच्यावरून दफनाचा काळ ठरवता आला. पदक त्या दिवशी एकट्यानेच उपसले असते तरी पैसे कदाचित तेवढेच मिळाले असते. ते कोणाच्या गळ्यात होते आणि बरोबर काय काय होते, हे मात्र कोणाला सांगता आले नसते.

बर्कशरमधली, मार्लोजवळची गोष्ट वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे २०१८ साली एका डिटेक्टर क्लबच्या सदस्य बाईंना आधीच्या दोन फेऱ्यांत खोल लोखंडाचा आवाज आला होता आणि तो त्यांनी बिनमहत्त्वाचा म्हणून सोडला होता. मन स्वस्थ बसेना म्हणून तिसऱ्या खेपेला खणले, तर काशाची दोन भांडी निघाली. वस्तू किती जुन्या आणि नाजूक आहेत हे कळताच क्लबने खणणे थांबवले. २०२० साली रेडिंग विद्यापीठाने ती जागा खणली आणि सहाव्या शतकातल्या सुमारे सहा फूट उंच योद्ध्याचे थडगे समोर आले. तलवारीच्या म्यानाचे लाकूड आणि कातडेही काही प्रमाणात टिकलेले होते.

डिटेक्टरवाल्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो खरा आहे: नांगर दरवर्षी ही थडगी कुरतडत असतो. मार्लोचे थडगेही उथळ होते. नांगराने उलथलेल्या थरातली वस्तू आपल्या जागेवरून आधीच हललेली असते. ती उचलण्याने थडगे मोडत नाही, उलट ती वाचते. त्या थराखाली मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही. तिथे जे आहे ते ठेवले तसेच आहे. खांद्यांवरच्या दोन ब्रोचांच्या जोडीवरून आणि त्यांच्यामधल्या मण्यांवरून स्त्रीचा पोशाख कसा होता ते कळते. त्यातली एक ब्रोच उपटली की तो पोशाख हरवतो. वरच्या थरातही नोंद हवीच. आगीत वितळलेले काचमणी आणि वाकड्या झालेल्या ब्रोचांचे तुकडे एका जागी सापडले, तर खाली दहन केलेल्यांच्या अस्थिकुंभांची भूमी असण्याची शक्यता असते. जागा न लिहिता ते तुकडे विकले गेले की ती भूमी पुन्हा सापडणे कठीण.

चर्चच्या आवारातल्या दफनभूमीबाबत वादाला जागा फार थोडी आहे. तिथली जमीन उकरायला चर्चची रीतसर परवानगी लागते, परवान्याशिवाय मानवी अवशेष हलवणे १८५७ च्या बरियल अॅक्टनुसार गुन्हा आहे आणि मृतांची नातवंडे-पतवंडे अजून फुले ठेवायला येत असतात. सरकारने संरक्षित म्हणून नोंदवलेल्या स्थळी परवानगीविना डिटेक्टर वापरणे हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. खणायचीही गरज नाही.

हेच यंत्र मृतांच्या उपयोगीही पडते. फ्रान्समधल्या फ्रोमेल येथे जुलै १९१६ च्या लढाईनंतर जर्मनांनी ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांना सामूहिक खड्ड्यांत पुरले होते. २००७ साली ग्लासगोच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे डिटेक्टर फिरवले, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या अल्बर्टन गावचे एक पदक वरच्या मातीत मिळाले आणि मृत इथेच असावेत याला बळ आले. २००९ च्या उत्खननात २५० देह निघाले. त्यांतल्या दीडशेहून अधिक जणांना पुढे नावे मिळाली. एखाद्या हौशी संग्राहकाने ते पदक आधीच खिशात घातले असते तर हा धागा तिथेच तुटला असता. महायुद्धाच्या रणभूमीवरचे बटण किंवा रेजिमेंटचा बिल्ला विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. ब्रिटिश सैनिकांच्या तंतूच्या ओळखचकत्या कुजतात, आणि मग कित्येकदा तो बिल्लाच त्या माणसाची शेवटची ओळख असतो.

नागपूरच्या एका वाचकांनी विदर्भातल्या शिलावर्तुळांबद्दल विचारले आहे. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथली ही वर्तुळे म्हणजे लोहयुगातली दफनेच आहेत. माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे तांब्याच्या साजासह सापडले. लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर या दफनांत मुबलक आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. इथेही लोखंडच बोलते. जुनापाणीची वर्तुळे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहेत आणि तिथे परवान्याविना खणणे गुन्हा आहे. संरक्षित नसलेल्या शेतातल्या वर्तुळाला हात लावण्यापूर्वी १८७८ चा निखात निधी कायदा आठवावा: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शेत नांगरताना धोंड्यांच्या कडेला गंजलेले पाते वर आले, तर ते न घासता जागेच्या फोटोसह तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागात न्यावे आणि त्या जागी पुढे नांगर घालू नये.