अनुभवी डेव्हलपर थ्रेडपाशी का अडखळतो?

तुम्ही आठ-दहा वर्षं सॉफ्टवेअर लिहिताय. आता मल्टिथ्रेडिंग शिकायला घेतलंत, तर थ्रेड सुरू कसा करायचा, लॉक कसं लावायचं हे दोन दिवसांत कळेल. त्रास देतो तो तुमचा अनुभवच. कोड लिहिलाय त्याच क्रमाने चालतो, आणि टेस्ट हजारदा पास झाली म्हणजे कोड बरोबर आहे, असं तो तुम्हाला सांगत आलाय. इथे दोन्ही खोटं ठरतं.

एक काउंटर घ्या, किंमत शून्य. दोन थ्रेड तो प्रत्येकी एकदा, एकने वाढवतात. तुमच्या लेखी ही एक ओळ. प्रत्यक्षात तीन पायऱ्या: आकडा वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोघांच्या मिळून सहा. प्रत्येकाचा आपला क्रम न मोडता त्या एकमेकांत किती प्रकारे मिसळतील? अकरावीचं गणित आठवा: सहा जागांतून तीन निवडायच्या, म्हणजे २० प्रकारे. त्यातल्या किती प्रकारांत उत्तर २ येतं? फक्त दोन! एकाचं सगळं उरकल्यावरच दुसऱ्याने सुरुवात केली तर. उरलेल्या १८ मध्ये उत्तर १. विश्वास बसत नसेल तर कागदावर मांडून बघा, खरंच बघा.

मग टेस्टमध्ये हे दिसत का नाही? कारण हे २० प्रकार सारख्या शक्यतेने येत नाहीत. तीन पायऱ्या काही नॅनोसेकंदांत संपतात, दुसरा थ्रेड तोवर सुरूही झालेला नसतो. शोधायला मध्ये प्रिंट टाकलंत तर वेळा बदलतात आणि बग गायब होतो. वर कंपायलर आणि प्रोसेसरही सूचनांचा क्रम आपल्या सोयीने बदलतात, ते वेगळंच.

वेळेचा हा खेळ जिवावरही बेततो. थेरॅक-२५ हे कॅन्सरसाठी रेडिएशन देणारं यंत्र. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे त्याने दोन रुग्णांना प्रचंड डोस दिला, दोघेही दगावले. यंत्रातले चुंबक जागेवर यायला साधारण आठ सेकंद लागत. तेवढ्यात ऑपरेटरने नोंद दुरुस्त केली, तर तो बदल प्रोग्रामच्या एका भागाला कळतच नसे. हात सरावल्यामुळे दुरुस्ती पटकन व्हायची. सावकाश टाइप करणाऱ्याला ही चूक कधीच दिसली नसती.

आता जरा दिलासा. २००८ साली शान लू आणि सहकाऱ्यांनी मायएसक्यूएल, अपाची, मोझिला आणि ओपनऑफिसमधले असे १०५ खरे बग तपासले. मला हा पेपर फार आवडतो, कारण त्यांनी ‘कठीण आहे’ म्हणून सोडून न देता मोजलं. त्यातले ९६ टक्के बग फक्त दोन थ्रेडमधला ठरावीक क्रम जुळला की हमखास दिसतात. ९२ टक्क्यांत मेमरीच्या जास्तीत जास्त चार वाचन-लेखनांचा क्रम ठरवला की पुरतं. म्हणजे शंभर थ्रेडचा सर्व्हर डोक्यात मावत नसला तरी दोन थ्रेड आणि चार पायऱ्या कागदावर नक्की मावतात.

त्याच पेपरात आणखी एक आकडा आहे. डेडलॉक नसलेले बग होते ७४, आणि त्यातले ७३ टक्के दुरुस्त करताना लॉक वाढवलं किंवा बदललं नव्हतं. कुठे अट तपासली, कुठे कोडचा क्रम फिरवला, कुठे रचनाच बदलली. त्यामुळे दिसलं सामायिक व्हेरिएबल की ठोक लॉक, ही सवय लावून घेऊ नका. आधी विचारा: हा डेटा दोघांना लागतोच का? लागत असेल, तर कुठल्या दोन कृतींच्या मध्ये तिसऱ्याने शिरलेलं चालणार नाही?

सी किंवा सी++ लिहीत असाल तर थ्रेडसॅनिटायझर चालू करा. जीसीसी आणि क्लँग दोन्हींत तो आहे, गो भाषेतही रेस डिटेक्टर मिळतो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की प्रोग्रामचा जो भाग त्या वेळी चालला, त्यातलंच तो सांगतो. न चाललेल्या भागासाठी कागद-पेन आहेच.