पायरी चढण्याआधीच डोळे मोजतात

पायरी जमेल की नाही, हे आपण पाय उचलण्याआधी ठरवून टाकतो. कशाच्या हिशेबाने? विल्यम वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1984 साली याचा माग काढला. त्याने उंच आणि बुटक्या तरुणांना वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या दाखवल्या आणि हात न टेकता चढता येतील का, एवढंच विचारलं. सेंटिमीटरमध्ये दोघांची उत्तरं अर्थातच वेगळी आली. पण पायरीच्या उंचीला ज्याच्या-त्याच्या पायाच्या लांबीने भागल्यावर मर्यादा एकच निघाली : सुमारे 0.88. म्हणजे पाय 80 सेंटिमीटरचा असेल, तर पायरी साधारण 70 पर्यंत. सर्वांत कमी दमवणारी पायरी मात्र पायाच्या पाव भागाहून किंचित जास्त, इथे 21 सेंटिमीटरच्या आसपास. प्राणवायूचा वापर मोजून हे ठरवलं, आणि नुसतं बघून लोकांनी पसंत केलेली पायरीही जवळपास तीच होती!

वयस्कर माणसांत हे गणित बदलतं. 1992 च्या एका अभ्यासात त्यांची मर्यादा पायाच्या लांबीपेक्षा कंबरेच्या सांध्याची लवचिकता आणि पायातली ताकद यांवर जास्त अवलंबून दिसली. आजी जिन्याच्या तोंडाशी घटकाभर थबकते, ती बहुधा याच हिशेबासाठी.