पाठीवरचा खिसा

ते भरतकाम माझ्या हातात आलं तेच उलटं. "आधी पाठ बघ," काकू म्हणाल्या. गोणपाटाच्या पाठीवर एक इवलासा कापडी खिसा टाचला होता आणि त्यात घडी केलेली चिठ्ठी होती. शाई पार विटलेली, कागद घडीवर फाटत आलेला. पुण्यातल्या या काकू १९८०च्या सुमारास लंडनला होत्या. चिलीतल्या बायकांच्या मदतीसाठी भरलेल्या एका विक्रीत त्यांनी हे घेतलं होतं. मी त्यांच्याकडे गेले होते गोधड्यांवरच्या लेखासाठी. गाठोडं सोडताना सगळ्यात तळाशी हे निघालं, आणि गोधड्या राहिल्या बाजूला.

सुलट केलं तर वर अँडीजच्या रांगा, कुणाच्या तरी निळ्या-करड्या पँटच्या कापडाच्या. कोपऱ्यात पिवळाधमक सूर्य. खाली एका इमारतीसमोर बायकांची रांग. बाहुल्यांची डोकी बोराएवढी, आत लोकर भरून फुगवलेली, केस म्हणजे काळ्या दोऱ्याच्या गाठी. प्रत्येकीच्या हातात पांढऱ्या चिंधीचा चौकोन. तो फोटो. वर दोऱ्यानेच टाकलेली अक्षरं: ते कुठे आहेत? कडेने लाल लोकरीची क्रोशाची किनार. करणारीचं नाव कुठेही नाही. नाव लिहिणं म्हणजे पोलिसांना पत्ता देणं.

याला चिलीत अर्पियेरा म्हणतात. शब्दाचा अर्थच गोणपाट. गोणपाटावर भरतकाम त्या देशाला नवं नव्हतं. गायिका व्हियोलेता पार्रा हिच्या अर्पियेरा १९६४मध्ये पॅरिसला लूव्रच्या इमारतीत मांडल्या गेल्या होत्या. पण ही दुसरीच गोष्ट आहे. ११ सप्टेंबर १९७३ला जनरल पिनोचेतच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि माणसं उचलली जाऊ लागली. बायका तुरुंगांच्या, ठाण्यांच्या, शवागारांच्या दारात खेटे घालू लागल्या. सगळीकडे एकच उत्तर: असा कुणी माणूस इथे आलाच नाही. चर्चच्या आधाराने १९७४मध्ये या बायकांचे शिवणकामाचे वर्ग निघाले. ज्या समितीने ते चालवले ती पिनोचेतच्या दबावाखाली १९७५च्या अखेरीस बंद पडली, तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी जानेवारी १९७६पासून चर्चच्याच छत्राखाली 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' ही संस्था उभी केली. तयार कापडं तिथे विकत घेतली जात आणि परदेशी पाठवली जात. नवरा गेला म्हणजे पगारही गेला होता; पोरांच्या ताटातली भाकरी या टाक्यांवर आली.

पहिल्या बायकांमध्ये व्हियोलेता मोरालेस होती. तिचा भाऊ न्यूटन ऑगस्ट १९७४मध्ये उचलला गेला, तो परत आलाच नाही. नवं कापड आणायला पैसे कुठले? बायकांनी अंगावरचे कपडे कापले, स्वेटर उसवून लोकर काढली. काहींनी तर हरवलेल्या माणसाचाच सदरा कापला. इथे मी थबकले. आपल्याकडेही आजीचं लुगडं गोधडीत जातं, पण आजी कुठे गेली ते आपल्याला ठाऊक असतं. ज्याच्या येण्याची वाट बघतोय त्याच्या सदऱ्याला कात्री लावायची, म्हणजे तो येणार नाही हे बोटांनी आधी कबूल करायचं. मन मागाहून कबूल करणार, किंवा कधीच नाही.

या कामाने त्या बऱ्या झाल्या असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. झालं ते इतकंच, की घरात एकटीने रडणारी बाई आठवड्यातून एकदा दुसऱ्या तशाच बाईशेजारी बसू लागली. सुईत दोरा ओवताना मान खाली असते, समोरचीच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मग बोलता येतं. मला वाटतं, सूर्यही तिथूनच आला असावा. इतकं भयंकर चित्र शिवायचं, तर हाताला एक पिवळा तुकडा लागतोच.

यांच्यातल्याच बायका ८ मार्च १९७८ला व्यासपीठावर कुएका नाचल्या. कुएका जोडीने नाचायचा, हातात रुमाल घेऊन. या एकट्या नाचल्या, छातीवर फोटो लावून. पुढच्याच वर्षी लष्करी सरकारने कुएकाला राष्ट्रीय नृत्य ठरवलं, आणि अर्पियेरांत तो एकटीचा नाच पुन्हा पुन्हा शिवला गेला.

पण विकायची वस्तू गिऱ्हाइकाचं ऐकू लागते. वर्षं सरली तशी सुगीची, बाजाराची, खेळत्या पोरांची चित्रं वाढली. पोलिसांच्या गाड्या कमी झाल्या. १९९०मध्ये पिनोचेत सत्तेवरून पायउतार झाला, जगाचं लक्ष उडालं, आणि १९९२मध्ये विकारियाही बंद झाली. शोध मात्र संपला नाही. सांतियागोच्या दफनभूमीत 'पातियो २९' नावाच्या भागात सापडलेल्या ९६ जणांची ओळख पटवून अस्थी घरच्यांना दिल्या होत्या. त्यातल्या ४८ जणांची ओळख चुकीची होती, हे २००६मध्ये बाहेर आलं. ज्यांनी पुरून, फुलं वाहून दार लावून घेतलं होतं, त्यांना ते पुन्हा उघडावं लागलं. २०२३मध्ये सरकारने शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली तेव्हा यादीत १,४६९ नावं होती. सापडलेली ३०७. उरलेल्या १,१६२ जणांच्या आया बहुतेक आता नाहीत. शिवणाऱ्या बहिणी, बायका ऐंशीच्या घरात आहेत.

काकूंच्या अर्पियेराचं गोणपाट विरत चाललंय. रांगेतल्या तिसऱ्या बाईच्या हातातला चौकोन एका टाक्यावर लोंबतो. "सासूबाई म्हणायच्या, मागून जुन्या धोतराचं अस्तर लावू, गोधडीसारखं, टिकेल," काकू सांगत होत्या. "कापड काढून ठेवलंही होतं त्यांनी. पण अस्तर लावलं की खिसा बंद होणार गं."

ते धोतराचं कापड अजून त्याच गाठोड्यात आहे, चौघडी घालून.